सामायिक फोल्डर उघडेना: नौपाड्यातल्या डीटीपी ऑफिसातला अनुभव

ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक जुनं डीटीपी ऑफिस आहे. दिवाळी अंक, कवितासंग्रह, संस्थांचे अहवाल, सगळं इथे टाइप होतं, पानं लागतात आणि मग छापखान्यात जातं. तिथल्या संगणकांची देखभाल मी करतो. टायपिंग आणि पानं लावणं विंडोजवर, मुखपृष्ठ करणाऱ्या ताईंचं काम मॅकवर, आणि कोपऱ्यात एक उबुंटूचं, म्हणजे लिनक्सवर चालणारं मशीन, ज्याच्यावरच्या सामायिक फोल्डरात सगळ्यांच्या फायली. मागच्या खोलीत एक विंडोज एक्सपीचं मशीनही अजून जिवंत आहे, कारण पानं लावायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या फायली त्याच्याशिवाय उघडत नाहीत.

गणपतीनंतर दिवाळी अंकाचा मजकूर धो धो येतो. नेमक्या त्याच दिवसांत ऑपरेटर ताईंचं विंडोज १० चं मशीन बदलून विंडोज ११ प्रो आलं. त्यांनी नेहमीप्रमाणे सामायिक फोल्डरवर क्लिक केलं, तर समोर इंग्रजीत संदेश आला की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार ओळख न देता पाहुणा म्हणून आत येणं बंद आहे. ताईंनी मला फोन केला, “दादा, आपली कुठली ऑर्गनायझेशन? काकांनी काही बंद केलंय का?” काकांनी, म्हणजे मालकांनी, काहीही बंद केलं नव्हतं. हा संदेश चार माणसांच्या ऑफिसातही तसाच्या तसा येतो, आणि तो वाचून माणसं घाबरतात.

खरा प्रकार असा. उबुंटूवर फाइल शेअरिंगचं काम सांबा नावाचा प्रोग्रॅम करतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. विंडोजची मशीनं एकमेकांशी ज्या एसएमबी भाषेत बोलतात, ती भाषा तारेवरून जाणारी माहितीची पाकिटं बघत बघत उलगडली आणि फुकट, खुल्या रूपात जगाला दिली. आपल्याकडच्या शेकडो छोट्या ऑफिसांचं काम आज त्याच्यावर चाललंय, म्हणून हे नाव आदराने घ्यावंसं वाटतं. उबुंटूच्या सांबात एक सोय आधीपासूनच चालू असते. आलेलं युजरनेम ओळखीचं नसेल, तर त्याला हाकलून न देता गुपचूप पाहुणा, म्हणजे गेस्ट, समजायचं. माझ्या आधी कुणीतरी हे फोल्डर पाहुण्यांना खुलं करून ठेवलं होतं. त्यामुळे इतकी वर्षं ऑफिसातलं प्रत्येक मशीन पाहुणा म्हणूनच आत येत होतं आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, प्रो मशीनवर हा पाहुण्याचा रस्ता बंद झाला. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर सही हवी, असाही नियम आला. ही सही युजरच्या पासवर्डातून तयार झालेल्या किल्लीने होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग किल्ली कुठून येणार आणि सही कशी होणार?

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे विंडोजच्या धोरणांत जाऊन असुरक्षित गेस्ट लॉगिन चालू करा आणि सहीची सक्ती काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. काकाही म्हणाले, “अरे, सध्या चालू करून दे, दिवाळीनंतर बघू.” मी नाही म्हटलं, आणि त्या नाहीवर ठाम राहिलो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करणारं व्हायरस जगभर पसरलं ते एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, पण लाखो मशीनवर ते बसवलेलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हे तसलंच दुसरं व्हायरस आलं. त्यानेही तेच भोक वापरलं आणि इथे नवी मुंबईच्या पलीकडे, न्हावा शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरची रांग लागली. आमच्या फोल्डरात कंटेनर नाहीत, पण लोकांनी हाताने लिहून विश्वासाने दिलेल्या कथा आहेत. काही लेखकांकडे दुसरी प्रतसुद्धा नसते. तिथे कुणीही या, काहीही पुसा, अशी व्यवस्था मला चालणार नव्हती.

मग प्रत्येकाचं स्वतंत्र खातं करायचं ठरलं. उबुंटूवर युजर तयार करणं सोपं आहे, पण सांबाचा पासवर्ड उबुंटूच्या लॉगिन पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. एसएमबीपासडब्ल्यूडी ही आज्ञा ‘ए’ पर्यायासह देऊन प्रत्येक युजर सांबाच्या यादीत वेगळा घालावा लागतो. नुसता उबुंटूचा युजर केला, तर पासवर्ड अगदी बरोबर टाकूनही विंडोज पुन्हा पुन्हा विचारत राहतं आणि माणूस कीबोर्डावर संशय घेतो.

ताईंचं खातं झालं, पासवर्ड झाला, आणि विंडोजने नवीनच तक्रार मांडली: त्रुटी क्रमांक १२१९. याचा अर्थ, एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडता येणार नाही. त्या मशीनवरून आधी दुसऱ्या नावाने केलेली जोडणी मागे तशीच लोंबकळत होती. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ लिहिलं की अशा जोडण्यांची यादी दिसते, आणि त्याच आज्ञेपुढे ताऱ्याचं चिन्ह (*) व डिलीट लावून त्या सगळ्या तोडता येतात. नंतर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन साठवलेलं जुनं नावही काढावं, नाहीतर मशीन चालू झालं की तेच परत उभं राहतं. मॅकवर हीच साठवण किचेन नावाच्या सोयीत असते.

आता पासवर्ड घेतला गेला, फोल्डरचं नाव दिसलं, त्यावर क्लिक केलं, आणि ‘ॲक्सेस डिनाइड’.

इथे सांगायला हवं की हा नकार तुम्हाला कुठून आला ते सांगत नाही. नेटवर्क अडलं, ओळख पटली नाही, शेअरच्या नियमात तुमचं नाव नाही, की खालच्या डिस्कवरच परवानगी नाही; विंडोजच्या खिडकीत बहुतेक वेळा सारखाच लाल गोळा. म्हणून मी विंडोजसमोरून उठतो आणि सर्व्हरवर जाऊन बसतो. उबुंटूवरच एसएमबीक्लायंट नावाची आज्ञा असते. तिने त्याच मशीनला, त्याच युजरच्या नावाने जोडून बघायचं. ‘सेशन सेटअप फेल्ड’ आलं तर घोळ नावात किंवा पासवर्डात. ‘ट्री कनेक्ट फेल्ड’ आलं तर ओळख पटली आहे, पण शेअरच्या दारात अडवलं. आत जाता आलं आणि यादी मागितल्यावर नकार आला, तर दोष डिस्कवरच्या परवानगीत. आणि इथे सगळं सुरळीत चाललं, तर सर्व्हर निर्दोष, मग वायर, फायरवॉल, एसएमबीची ये-जा होते ते ४४५ क्रमांकाचं पोर्ट आणि समोरचं विंडोज तपासायचं. नुसत्या अंदाजाने सेटिंगं बदलत बसण्यापेक्षा हा एक प्रयोग निम्मं रान मोकळं करतो.

आमच्याकडे यादी मागितल्यावर नकार आला. सांबा प्रत्येक मशीनसाठी वेगळी लॉग फाइल ठेवू शकतो, उबुंटूवर तशी सोय आधीपासून असते. ती उघडली तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं की होम फोल्डरच्या (युजरच्या खाजगी फोल्डरच्या) आतल्या त्या जागी शिरायचा प्रयत्न केला, परमिशन डिनाइड, आणि शेजारी ताईंच्या युजरचा क्रमांक. सामायिक फोल्डर ठेवलं होतं एका जुन्या युजरच्या होम फोल्डरच्या आत. खुद्द फोल्डरच्या परवानग्या तर ठीक दिसत होत्या.

अशा वेळी नेमआय ही छोटी आज्ञा सोन्यासारखी आहे. तिला पूर्ण पत्ता द्यायचा आणि ‘एल’ पर्याय लावायचा. ती मुळापासून शेवटच्या फोल्डरपर्यंत प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दाखवते. मी ती काकांच्या समोरच चालवली. पहिली ओळ, मूळ डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यात वरचं फोल्डर, सगळ्यांना शिरायची मुभा. दुसरी, होम, तिथेही मुभा. तिसरी, त्या युजरचं होम फोल्डर: मालकाला वाचणं, लिहिणं, शिरणं, ग्रुपला वाचणं आणि शिरणं, आणि बाकीच्यांच्या तीन जागी नुसत्या तीन आडव्या रेघा. चौथ्या ओळीवरचं आमचं फोल्डर कितीही उघडं असलं तरी तिसऱ्या ओळीच्या पुढे कुणी जाऊच शकत नव्हतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर असंच, ७५० परवानगीचं बनतं (तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि बाकीच्यांचे). आधी ते ७५५ असायचं, म्हणजे कुणीही आत डोकावू शकायचं. सर्व्हरची डिस्क मधे बदलली तेव्हा उबुंटूही नवं बसलं होतं. मग इतके दिवस पाहुण्यांना कसं चालत होतं? कारण सांबाला सांगून ठेवलं होतं की जो कुणी पाहुणा येईल त्याला होमच्या मालकाच्या नावाने वागव. पाहुण्यांना घराची किल्लीच दिलेली होती, आणि नाव सांगून येणारा मात्र दारात उभा.

होम फोल्डर सगळ्यांना उघडं करणं हा इथला सोपा उपाय, पण त्या फोल्डरात काकांची बँकेची कागदपत्रंही होती. म्हणून सामायिक फोल्डर तिथून उचलून एसआरव्ही या डिरेक्टरीखाली नेलं. सर्व्हरने दुसऱ्यांना द्यायच्या गोष्टींसाठीच लिनक्समध्ये ती जागा ठेवलेली आहे.

आता वाचता येऊ लागलं, लिहिता मात्र येईना. सात-आठ वर्षांच्या फायली, काही त्या होमच्या मालकाच्या नावावर, तर जुन्या डिस्कवरून आलेल्या कितीतरी ‘नोबडी’ नावाच्या युजरच्या मालकीच्या, कारण पाहुण्याने बनवलेली फाइल एरवी त्याच नावावर जाते. सांबा नवी फाइल बनवताना काही सांगितलं नसेल तर ७४४ परवानगी लावतो: मालकाने लिहावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं. ताईंनी टाइप केलेल्या कथेत मुखपृष्ठवाल्या ताईंनी एक शब्दही बदलायचा नाही, असा त्याचा अर्थ.

इथेच बहुतेक जण सीएचमॉड ७७७ मारतात, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतात. मला ती आज्ञा बघवत नाही. ती दुखणं लपवते, आणि उद्या नवी फाइल बनली की तिच्यावर पुन्हा जुनीच परवानगी येते. आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांचा एक ग्रुप केला आणि अख्खं फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर केलं. डिरेक्टरींना २७७० आणि फायलींना ६६० अशी परवानगी दिली. डिरेक्टरीला शिरण्याची परवानगी लागते, साध्या फाइलला नाही, म्हणून दोन्हींना एकच आकडा लावू नये. त्या २७७० मधला पहिला २ महत्त्वाचा. तो असला की त्या डिरेक्टरीत बनणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्या डिरेक्टरीच्याच ग्रुपची होते, बनवणाऱ्याच्या खाजगी ग्रुपची होत नाही. सांबाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्येही क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७० आणि फोर्स ग्रुप या ओळी घातल्या, म्हणजे नेटवर्कवरून बनणाऱ्या नव्या फायली-फोल्डरांनाही हीच परवानगी आणि हाच ग्रुप मिळेल. मग टेस्टपार्मने फाइल तपासली आणि सांबा नव्याने सुरू केला.

तरीही अधूनमधून एखादी फाइल हट्टाने फक्त-वाचा राहायची. माग काढला तेव्हा कळलं की त्या फायली उबुंटूवरच डाउनलोड होत होत्या आणि तिथून सामायिक फोल्डरात हलवल्या जात होत्या. कॉपी केली तर नवी फाइल बनते आणि फोल्डरचा ग्रुप घेते. हलवली, म्हणजे एकाच डिस्कवर मूव्ह केली, तर ती जुनी मालकी, जुना ग्रुप आणि जुनी परवानगी घेऊनच येते. आता त्या मशीनवरही डाउनलोड थेट सामायिक फोल्डरातच होतात.

मॅकची गोष्ट थोडी वेगळी. मुखपृष्ठवाल्या ताई फाइल उघडू शकत होत्या, पण सेव्ह करताना त्रुटी यायची. “फाइल माझीच आहे रे, मग मलाच का नाही म्हणतंय?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. अनेक प्रोग्रॅम सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल बनवतात, ती पूर्ण झाली की जुनीचं नाव देऊन तिच्या जागी ठेवतात. मधेच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहावी म्हणून ही उत्तम पद्धत आहे. पण त्यासाठी फाइलवर लिहिण्याची परवानगी पुरत नाही, ज्या डिरेक्टरीत ती आहे तिच्यावरही लिहिता आलं पाहिजे. मुखपृष्ठांची एक आतली डिरेक्टरी जुन्या परवानगीवर राहिली होती. ती दुरुस्त झाल्यावर सेव्ह सुरळीत झालं.

मॅकवरून फाइल ठेवली की विंडोजवर तिच्या शेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी त्याच नावाची छोटीशी फाइल दिसायची. ऑपरेटर ताई ती वर्डमध्ये उघडायला बघायच्या आणि मजकूर बिघडला म्हणून काळजीत पडायच्या. त्या फायलीत मॅकची स्वतःची टिपणं असतात. सांबात फ्रूट नावाचं मॉड्यूल खास मॅकसाठी आहे. ते स्ट्रीम्स-एक्सअॅटरच्या जोडीने लावलं की ही टिपणं वेगळ्या फायलीऐवजी मूळ फाइलच्याच गुणधर्मांत जाऊन बसतात. नव्याने अशा फायली बनणं थांबलं.

यानंतर जे सापडलं ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. एका संस्थेच्या अहवालाची फाइल विंडोजच्या डेस्कटॉपवर मजेत होती, पण सामायिक फोल्डरात जायला तयार नव्हती. परवानगी, ग्रुप, जागा, सगळं ठीक. अडचण होती तिच्या लांबलचक नावात. विंडोजमध्ये फाइलच्या नावाला २५५ अक्षरचिन्हं चालतात. उबुंटूच्या ईएक्सटी४ डिस्कवरही मर्यादा २५५ चीच, पण ती बाइट्सची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतो, पण तो क, हलन्त आणि ष असा ९ बाइटांचा आहे. म्हणजे देवनागरी नाव जेमतेम ८५ चिन्हांचं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि लेखापरीक्षित ताळेबंद अध्यक्षांच्या दुरुस्त्यांसह अंतिम प्रत’ असं नाव दिलंत की संपलं. इंग्रजी नावांना ही अडचण जवळपास कधीच येत नाही, म्हणून ती फारशी कुठे लिहिलेलीही आढळत नाही.

नावाचीच आणखी एक गंमत बघा. एकाच फोल्डरात ‘दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ’ या नावाच्या दोन फायली, अगदी तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अखंड चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नावं फोडून ठेवायची, आणि एक फाइल तशा मॅकवरच्या झिपमधून आली होती. उबुंटूला दोन्ही नावं वेगळी. कॉन्व्हएमव्ही नावाच्या आज्ञेने सगळी नावं अखंड रूपात आणून घेतली. कथेच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह असतं आणि उबुंटूवर ते नावात चालतंही, पण विंडोजला प्रश्नचिन्ह वर्ज्य, म्हणून तिथे त्या फाइलचं नाव तुटकं, मधे नागमोडी रेघ असलेलं काहीतरी दिसतं. फाइलनावात विरामचिन्हं घालायची नाहीत, एवढं ऑफिसात ठरवून टाकलं.

उलट्या दिशेचं कामही होतं. विंडोजवरचं फॉन्टचं फोल्डर मॅकवरून हवं होतं. विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, आणि दोन्हींतली जी जास्त कडक ती लागू होते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं तरी फ्लॅटचं दार घरच्यांनीच उघडायचं असतं, तसं. शिवाय मॅकवरून जोडताना विंडोजचा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. आणि पासवर्डच नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, मग परवानग्या कितीही द्या.

राहिलं एक्सपी. त्याला एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते, आणि सांबाने २०१९ च्या ४.११ पासून ती आवृत्ती आपणहून बंद ठेवली आहे. एका ओळीत ती चालू करता येते, पण मग अख्ख्या सर्व्हरवर ते जुनं दार उघडं राहतं. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार २०१४ च्या एप्रिलमध्येच संपला. ते मशीन नेटवर्कमधून काढलं, आणि पेजमेकरच्या जुन्या फायली आता पेन ड्राइव्हने ये-जा करतात. काकांना हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं मला कळतं, पण यात मी मागे हटणार नाही.

प्रूफं तपासणाऱ्या काकू घंटाळीजवळ राहतात आणि घरूनच काम करतात. त्यांना फोल्डर फक्त वाचायला हवं, म्हणून त्यांचं खातं सांबाच्या रीड लिस्टमध्ये घातलं आहे. राउटरवर ४४५ उघडून त्यांना थेट जोडून दे, असं सुचवलं गेलं, पण ते पोर्ट इंटरनेटकडे कधीच उघडायचं नाही. त्यांच्या लॅपटॉपवर वायरगार्ड बसवून ऑफिसपर्यंत खाजगी रस्ता करून द्यायचा आहे. तोपर्यंत प्रूफांच्या पीडीएफ त्यांना ईमेलने जात आहेत.